उजव्या हाताच्या बांगड्या

परदेशी संस्थेत नोकरी म्हटल्यावर मुलुंडमधल्या आमच्या शेजारपाजाऱ्यांना वाटायचं, सावंतांची शालन आता विमानाशिवाय पाय उचलणार नाही. समोरच्या काकू जिन्यात गाठून विचारायच्या, "मग, कुठे कुठे जाऊन आलीस गं?" गेले की काकू. गोराईला गेले. बोरिवलीहून होडीत बसायचं, खाडी ओलांडायची, की आलं. काकूंचा चेहरा पडायचा. त्यांना बर्फाचे डोंगर ऐकायचे होते.

पण खरं सांगते, इतक्या जवळ जाऊन इतकी लांब मी कधी गेले नव्हते. माझ्या ओळखीत गोराईला गेलेलं कोणी नाही, म्हणून हे लिहिते. आणि दुसरं कारण म्हणजे डोक्यातली तिडीक अजून गेलेली नाही. लिहून जाईल असंही वाटत नाही, पण निदान चार लोकांना कळेल.

अंधेरी

आमच्या संस्थेचं काम चांगलं. वादळ, पूर, आग, काही झालं की तिकडच्या देशांतले लोक देणग्या देतात आणि इकडे आम्ही वस्तू वाटतो. मी प्रसिद्धी विभागात. म्हणजे वाटलेलं जगाला सांगायचं. फोटो निवडायचे, खाली इंग्रजीत चार ओळी लिहायच्या, वर्तमानपत्रांना आणि हेड ऑफिसला पाठवायच्या. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात टेलेक्स होता. इथे बोटं आपटली की सातासमुद्रापलीकडे कागदावर अक्षरं उमटायची. बाहेर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे भोंगे वाजत आणि आत हे यंत्र कटकट करत बसे.

विभागाचे प्रमुख कारखानीस साहेब. मराठी माणूस, इंग्रजी असं की ऐकत राहावं. पाइप ओढायचे, तोही विझलेला.

त्या वर्षी नारळी पौर्णिमा होऊन होड्या दर्यात गेल्या आणि सप्टेंबर सरता सरता एक वादळ आलं. गोराईकडच्या एका कोळीवाड्यातल्या बऱ्याच होड्या मोडल्या, जाळी गेली. संस्थेने मदत पाठवली. आता तिचे फोटो हवे होते. हेड ऑफिसने एरिक नावाचा फोटोग्राफर धाडला होता. ताडमाड उंच, उन्हाने उकडलेल्या कोलंबीसारखा लाल. त्याच्याबरोबर दुभाषी आणि लेखणी म्हणून मी.

निघताना साहेबांनी मला बोलावलं. "सावंत, एक सांगून ठेवतो. त्या कोळणी फोटो म्हटलं की नटून बसतात. दागिने उतरवायला सांग. बाई गरीब दिसली पाहिजे. सोन्याने मढलेल्या बाईला कोण मदत करणार?"

"साहेब, दागिने उतरव असं सवाष्ण बाईला कसं सांगू?"

"तू बोलण्यात हुशार आहेस ना? सांग काहीतरी."

मी मान हलवली आणि मनात ठरवलं, हे वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. तेवढा नकार पुरेल असं मला वाटलं होतं.

खाडीपलीकडे

बोरिवलीच्या धक्क्यावर होडी भरली ती कोळणींनी, रिकाम्या टोपल्यांनी आणि त्यांच्या बोलण्याने. सकाळची मासळी विकून घरी निघालेल्या बाया. मला जागा करून देताना एकीने माझं नाव, गाव, जात, लग्न, सगळं विचारून घेतलं. लग्न नाही म्हटल्यावर तिने एरिककडे हनुवटीने खूण केली. "ह्यो?" मी "नाय गो बाई" म्हणेपर्यंत अख्खी होडी हसून हलायला लागली. एरिकने होडी का हलते म्हणून काठ गच्च धरला, त्यावर आणखी हसल्या.

पलीकडे उतरलं की मुंबई संपते. चिंचा, ताडगोळे, विहिरी, भाजीचे वाफे, वाटेत एक पांढरा क्रूस आणि त्याच्या पायाशी झेंडूची माळ. इथे ख्रिस्ती गावं आणि हिंदू कोळीवाडे एकमेकांना खेटून आहेत, आणि मासळीचा वास दोघांच्याही अंगणात सारखाच. बांबूच्या मांडवांवर बोंबील उलटे टांगलेले. आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये एक सुका बोंबील भाजला तर तिसऱ्या मजल्यावरून तक्रार येते!

कोळीवाड्यात शिरलो आणि पहिली मदत दिसली. एका घराच्या ओट्यावर संस्थेच्या लोकरीच्या घोंगड्यांची चळत. ऑक्टोबरचं ऊन असं की वाळूत चणे भाजून निघावेत, आणि या अकलेच्या कांद्यांनी लोकरी घोंगड्या पाठवल्या होत्या. एक म्हातारबाबा त्यातली एक फाडून होडीच्या फटीत ठासत होते. "झकास बसते बाय," ते मला म्हणाले. "आनखीन हायत काय?"

माझा मुक्काम ठरला होता तो पोशीआयच्या घरी. एरिक शेजारच्या ख्रिस्ती गावातल्या मास्तरांकडे झोपायला जाणार होता. पोशीआय म्हणजे कमरेत वाकलेली पण आवाजाने ताठ म्हातारी. घरात ती आणि तिची सून चांगुणा. चांगुणा माझ्याच वयाची. तिचा नवरा धर्मा, त्याचा विधुर चुलता आणि बिनलग्नाचा भाचा असे तिघे वादळाच्या आदल्या दिवशी होडी घेऊन गेले होते, ते अजून परतले नव्हते. बाकीच्या होड्या मोडून का होईना, आल्या होत्या. ही आली नव्हती.

मला वाटलं होतं, रडणारं घर असेल. चांगुणा दारात आली ती हिरवं लुगडं कासोट्याने आवळून, गळ्यात सोन्याची माळ, अंबाड्यावर अबोलीचा गजरा. एरिक गोंधळला. मला हळूच म्हणाला, "आपण चुकीच्या घरी आलो का?"

"बरोबर घरी आलोय," मी म्हटलं.

"ये गो बाय, बस. पानी पी पयलं," चांगुणा म्हणाली. पाणी देताना माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. डाव्या हातात कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या. उजवा हात मोकळा. एकसुद्धा बांगडी नाही. आमच्याकडे मालवणात बाईचा हात असा उघडा दिसला तर त्याचा एकच अर्थ. पण मग डावा भरलेला कसा?

माझी नजर तिने पकडली आणि हसली. "तुमच्यान नाय ना असा? आमच्यान लग्नान उजव्या हाताचा चुरा दर्याला देतात. त्याला सांगायचा, ह्यो तुजा, आनि माजा घो तू राख. दर्यानं घेतलाय माजा चुरा. मंग राखल ना?"

शेवटचं वाक्य तिने विचारलं की सांगितलं, मला कळलं नाही. मी "राखेल" म्हणाले.

जेवायला ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमची मालवणी आमटी म्हणजे नारळावर नारळ. यांच्याकडे चिंच, मिरची, लसूण आणि ताजी मासळी, संपलं. पहिल्या घासाला वाटलं, काहीतरी राहिलंय. तिसऱ्या घासाला वाटलं, आपणच इतकी वर्षं फुकटचा नारळ खवत बसलो. एरिकने मिरची शेंग समजून चावली. त्याच्या डोळ्यांतून धारा, पोशीआय त्याच्या पाठीवर थापट्या मारतेय आणि चांगुणा पदर तोंडात कोंबून हसतेय. हसता हसता तिने एक ताट भरून फळीवर झाकून ठेवलं. ते कोणाचं, हे मी विचारलं नाही.

वाळूवर

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. पुरुष माणसं होड्या ठोकत होती, संस्थेने दिलेली नायलॉनची जाळी उन्हात पसरली होती. जाळी मात्र त्यांना आवडली होती, ते खोटं का सांगू? घोंगड्यांना शिव्या आणि जाळ्याला पसंती, दोन्ही मी तसंच लिहून घेतलं.

चांगुणा माझ्याबरोबर चालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "बाय, तुमच्या हापिसातून तार जाते ना सगलीकरं?"

"जाते."

"परदेशान पन?"

"हो."

"मंग तिकरं गुजरातच्या बंदरान विचार ना. वारा दक्षिणेचा होता. होरी गेली आसल तर तिकरंच गेली आसल. कोनी पाह्यलाय का त्याला, येवराच विचार."

कोण कोण येऊन गेलं होतं इथे! घोंगड्या देऊन गेले, दुधाची पावडर देऊन गेले, भाषण करून गेले. तिला पाहिजे होती एक तार. जगभर तारा पाठवायच्या म्हणून जिथे माणसं नेमलेली, त्या विभागाची मी. माझ्याकडे याहून सोपं काम आजवर कोणी मागितलं नव्हतं.

"विचारते. आजच गेले की विचारते. मला सगळं सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं. होडी निळी, नाकावर पांढरा डोळा काढलेला. धर्मा सावळा, उंच, डाव्या हाताचं शेवटचं बोट अर्धं. चुलता टकला. भाचा गातो. "गातो ह्या पन लिव," ती म्हणाली. "खूप गातो. कोनाच्या पन ध्यानान राहील."

मी लिहीत होते तेवढ्यात तिने उजवा हात कपाळावर आडवा धरून दर्याकडे पाहिलं. लांब एक शीड दिसत होतं, ते दुसऱ्याच कोणाचं निघालं. एरिकने कॅमेरा उचलला आणि फोटो घेतला. त्याने तिचे तासभर फोटो काढले होते, सासूबरोबर भांडतानाचे, गजरा माळतानाचे, हसतानाचे. हा त्यातला एक. तो मला म्हणाला, "ही वाट बघतेय, हे कोणालाही कळेल." बरोबर बोलला. निदान मला तेव्हा तसं वाटलं.

निघताना पोशीआयने माझ्या हातात सुक्या जवळ्याची पुडी कोंबली. "एकवीरेला कोंबरा बोललंय मी. तू तार कर. आमी वाट पाहतंव."

पुन्हा अंधेरी

ऑफिसात पोचल्या पोचल्या मी साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. बांगड्यांची रीतही सांगितली, कारण मला ती सुंदर वाटली होती आणि लेखात घालायची होती. साहेब मन लावून ऐकत होते. मग मी टेलेक्सचं विचारलं.

"छे छे. ती लाइन हेड ऑफिससाठी आहे."

"साहेब, तीन माणसांचा प्रश्न आहे. वेरावळ, पोरबंदर, दोन चार बंदरांना विचारायचं."

"सावंत, आपलं काम प्रसिद्धीचं. शोधाशोधीचं नाही. प्रत्येकाने आपापलं काम करावं." आणि दुसऱ्याच कुठल्या पुराच्या फोटोंचा गठ्ठा पुढे ओढला.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडत बसले असते तर पोस्ट बंद झालं असतं. एरिक धुऊन देणार होता त्या फोटोसाठी मी ओळी टाइप केल्या: परत न आलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी कोळीण. त्या साहेबांच्या टेबलावर ठेवल्या आणि अंधेरीच्या पोस्टात गेले. तारमास्तर भला माणूस. मजकूर वाचला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "गातो हे पण घालायचं?" मी म्हटलं, घाला. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या जेवढ्या बंदरांची नावं त्याला आणि मला आठवली, तेवढ्यांना बंदर अधिकाऱ्याच्या नावे तारा केल्या. खाली पत्ता ऑफिसचा दिला.

पुढे दोन तीन दिवस उत्तर नाही. मग रविवार उजाडला. बाबा इंग्रजी पेपर घेऊन यायचे, माझं काही छापून आलंय का बघायला. वाचता यायचं नाही, पण फोटो ओळखायचे. "शालन, ह्यो तुझो काय गो?" म्हणून त्यांनी पेपर माझ्यासमोर धरला.

चांगुणा होती. मोठा फोटो. पण कापलेला. डावा खांदाच नव्हता. गळ्यातली माळ नव्हती, अंबाडा नव्हता. फक्त चेहरा आणि कपाळावर आडवा धरलेला तो उघडा उजवा हात. खाली छापलं होतं: दर्याने नवरा गिळला. तरुण कोळी विधवा. मदत पाठवा.

मी मोठ्याने वाचलं आणि मराठीत सांगितलं. आई पोळपाट सोडून बाहेर आली. "अगो, त्या बायचो घोव येवचो आसा म्हनान ती वाट बघता ना? मगे तुमी तेका कागदार मारलास?"

"मी नाही मारलं गं आई!"

"मगे कोनी?"

सोमवारी ऑफिस उघडायच्या आधी मी दारात उभी होते. साहेब आले, मी पेपर टेबलावर आपटला. "हे काय आहे? मी नवऱ्याची वाट पाहणारी लिहिलं होतं."

"बस, बस. बघ, काल घरी किती फोन आलेत. एका कारखान्याने—"

"मला फोन नका सांगू. ती विधवा आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

साहेबांनी पाइप तोंडातून काढला. "फोटोत हात उघडा आहे ना? वाचणाऱ्याला काय दिसणार?"

"उघडा का आहे ते मी तुम्हाला सांगितलं होतं! याच खोलीत सांगितलं होतं!"

"सांगितलंस की. मला माहीत आहे. वाचकाला थोडंच माहीत आहे?" ते शांतपणे म्हणाले. "आणि हे बघ, इतके दिवस झाले. तो काही आता येत नाही. एक शब्द आज काय आणि उद्या काय."

एखादा परका हे बोलला असता तर मी म्हटलं असतं, बिचाऱ्याला आपल्या रीती कळत नाहीत. हा माणूस घरी गणपती बसवणारा. विधवा म्हणजे काय, हे त्याच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्यांनी त्याला शिकवलेलं. म्हणतात ना, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात. इथे तर मढंही नव्हतं. यांनी लोण्यासाठी मढं तयार केलं. मी त्यांना हे असंच्या असं सुनावलं. टेलेक्सवाला मुद्दाम यंत्र बंद करून ऐकत होता.

साहेब म्हणाले, "तू दमली आहेस. आज घरी जा."

मी पर्स उचलली, आणि जिन्यात तारवाला भेटला. तार माझ्या नावे होती. वेरावळहून. निळी होडी फुटलेली, तिघेही एका गलबताने उचलून आणलेले, इस्पितळात आहेत, बरे आहेत. शेवटी लिहिलं होतं, भाचा गातो आहे.

मी जिन्यातच बसले आणि रडले. मग उठले आणि पळत सुटले.

परत खाडीपलीकडे

होडीत त्याच बाया होत्या. मला बघून गप्प बसल्या. मी "अगो, चांगली बातमी आहे" म्हटलं, तर एकीने तोंड फिरवलं. मला कळेना. उतरून कोळीवाड्यात शिरले तर ओट्यावर बसलेली माणसं उठून आत गेली. घोंगडीवाले म्हातारबाबा तेवढे बसून राहिले, पण त्यांनीही नमस्कार घेतला नाही.

चांगुणा घरात भिंतीला टेकून बसली होती. पांढरं लुगडं. गळा मोकळा. आणि डावा हातही मोकळा. मनगटावर काचेने कापल्याच्या बारीक लाल रेघा.

"कोणी केलं हे?" मी ओरडले.

पोशीआय चुलीपाशी होती. ती माझ्याकडे न बघता बोलली. बोरिवलीच्या बाजारात एका शिकलेल्या बाईने मासळी घेताना पेपर दाखवला होता. ही तुमच्या गावची ना, बिचारी, नवरा गेला हिचा. पोशीआयने तो पेपर तसाच घरी आणला आणि मास्तरांकडून वाचून घेतला. मास्तरांनी छापलं होतं तेच वाचलं.

"तू तार केलंस," पोशीआय म्हणाली. "तुला जबाब आला आसल. तोंडानी सांगवला नसल, म्हनून पेपरान घातलास. आमाला वाटला, येवरी मोठी संस्था, खोटा कशाला छापल?"

मला वाटलं, कोणीतरी कानफटात मारली. यांनी पेपरवर विश्वास ठेवला नव्हता. माझ्या तारेवर ठेवला होता. ते छापलेलं म्हणजेच तारेचं उत्तर, असं धरून त्या म्हाताऱ्या बाईने आपल्या पोरावर पाणी सोडलं आणि आपल्या हातांनी सुनेच्या बांगड्या फोडल्या.

"आई, तो जिवंत आहे," मी म्हटलं. "तिघेही जिवंत आहेत. ही बघा तार. ही खरी तार."

मी वाचली. पुन्हा वाचली. भाचा गातो आहे, इथे आल्यावर चांगुणाच्या घशातून एक आवाज आला. हसू की रडू, मला आजही सांगता येणार नाही. पोशीआय आपल्याच हातांनी आपलं तोंड बडवायला लागली. "मी फोरल्या! माज्या हातानी फोरल्या! जित्या पोराच्या बायकोच्या फोरल्या गो!" तिला धरायला शेजारणी धावल्या. बाहेर कोणीतरी ओरडलं आणि बघता बघता अख्खा कोळीवाडा अंगणात जमा झाला. ज्यांनी तोंड फिरवलं होतं त्याच बाया माझ्या गळ्यात पडत होत्या. माझ्या मात्र अंगाची लाही लाही होत होती.

एकजण कासाराला आणायला निघाली. चांगुणाने तिला थांबवलं. "नको. तो येऊ दे. त्याच्या म्होरं भरीन."

मग माझ्याकडे वळली. "तुज्या हापिसान कोनी लिवला ता?"

मी नाव सांगितलं. हुद्दा सांगितला. लपवायचं काय होतं?

शेवटची फेरी

धर्माला गावातली माणसं जाऊन घेऊन आली. पाय बांबूच्या फळ्यांत बांधलेला, अंगाने वाळलेला, पण जिवंत. मी ऑफिसात एकच मागणं लावून धरलं होतं, पेपरात दुरुस्ती छापा. साहेब रोज "बघू" म्हणायचे. आणि एक दिवस हसत हसत बाहेर आले. "सावंत, मी विचार केला. दुरुस्ती कशाला? त्याहून मोठी बातमी आहे. संस्थेच्या तारेने नवरा परत मिळाला! हेड ऑफिस खूश होईल. चल, मी स्वतः येतो."

संस्थेच्या तारेने! अहो, लाज कशाशी खातात हे तरी माहीत असावं की नाही?

मी गेले. का गेले? साहेबांना तिथे एकटं जाऊ द्यायचं नव्हतं म्हणून. आणि काय होतं ते माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं म्हणूनही. एरिक होडीत साहेबांकडे पाठ करून बसला होता. पेपरातला कापलेला फोटो त्याने पाहिला होता आणि तेव्हापासून साहेबांशी बोलत नव्हता.

पोशीआयच्या अंगणात चटई घातलेली. धर्मा तिच्यावर पाय लांब करून बसला होता. चांगुणा त्याच्या शेजारी, हिरवं लुगडं, सोन्याची माळ, गजरा. डावा हात कोपरापर्यंत नव्या बांगड्यांनी भरलेला. सगळा कोळीवाडा भोवती उभा.

साहेबांनी हात जोडले, चौकशी केली, धर्माच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "बाई, तुम्ही दोघं जवळ बसा. हातात ही तार धरा, म्हणजे लोकांना कळेल संस्थेने तुमच्यासाठी काय केलं ते."

चांगुणा बसल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होती. "तुजी बायको जिती हाय का रं?"

साहेब बावचळले. "अं? हो. आहे ना."

"तिला घेऊन ये हितं. भिंतीला तुजा फोटू लावतंव, त्याला हार घालतंव. तिच्या बांगड्या पोशीआय फोरल. म्हातारीच्या हाताला सवय झालेय. मंग तिला फोटूच्या खाली बसवतंव आनि ह्या गोऱ्याला सांगतंव, आता काढ." तिचा आवाज चढला नव्हता. "तू घराकरं जिता बसून पेपरान बघ. कसा वाटतंय त्यो मना येऊन सांग. मंग धरतंव तुजी तार."

साहेबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सांगायची गरज नव्हती, मराठी त्यांना माझ्याइतकंच येत होतं.

एरिकला येत नव्हतं. त्याने विचारलं, "ती काय म्हणाली?"

"सावंत, राहू दे," साहेब पुटपुटले.

मी एरिककडे तोंड करून उभी राहिले आणि शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितला. मोठ्याने, सावकाश, काही न गाळता, काही न घालता. त्या नोकरीत मी केलेलं ते शेवटचं भाषांतर. ऐकून झाल्यावर एरिकने कॅमेऱ्याच्या डोळ्यावर झाकण बसवलं आणि कॅमेरा पेटीत ठेवून दिला.